सोफ्यामागचा व्हॉल्व्ह

ब्रिटनमधल्या घरांत खिडकीखाली जो पांढरा, पन्हळी पत्र्याचा रेडिएटर असतो, त्याच्या खालच्या दोन कोपऱ्यांत दोन व्हॉल्व्ह असतात. एकावर १ ते ५ असे आकडे असतात आणि घरातलं शेंबडं पोरही तो फिरवतं. दुसऱ्यावर आकडा नाही, खूण नाही, नुसती गुळगुळीत टोपी. ती फिरवली तर जागच्या जागी गरगरते आणि काहीच घडत नाही. ती तशी गरगरावी म्हणूनच केलेली आहे. याला लॉकशील्ड म्हणतात. हीटिंगच्या मिस्त्रीने घर उभं राहताना तो एकदा लावून द्यायचा आणि पुढे भाडेकरूंनी, मुलांनी, साफसफाई करणाऱ्यांनी त्याला धक्का लावू नये, एवढ्यासाठी ती टोपी.

गेल्या काही वर्षांत मात्र गॅसची बिलं, सरकारी नियम आणि ऊर्जाबचतीचे सल्ले या सगळ्यांनी मिळून सामान्य माणसाला याच टोपीखाली हात घालायला लावलं आहे. आणि तिथे हात जात नाही. सोफा आड येतो, धुलाईयंत्र आड येतं, एमडीएफचं शोभेचं कपाट आड येतं, किंवा भिंत आणि पत्रा यांच्यामधल्या फटीत तळवाच मावत नाही. मग ‘यासाठी कुठला पाना मिळतो?’ हा प्रश्न सुरू होतो. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या प्रश्नाचं एकच उत्तर का नाही, हे बघायचं तर त्या टोपीखाली काय आहे इथपासून सुरुवात करावी लागते.

त्याआधी, तो व्हॉल्व्ह फिरवायचाच कशाला? बॉयलरमधून निघालेलं गरम पाणी पंपाच्या जोरावर घरभर फिरतं आणि सगळ्यात सोप्या वाटेने परत येऊ बघतं. पाटाच्या पाण्याचं जे होतं तेच इथे होतं: कालव्याच्या तोंडाशी असलेली शेतं भिजून चिंब आणि टेलच्या शेतकऱ्याच्या वाट्याला ओल. बॉयलरजवळचा रेडिएटर चटका देतो आणि माडीवरच्या शेवटच्या खोलीतला कोमट राहतो. उपाय तोच, तोंडाशी असलेल्यांची दारं थोडी लोटून घ्यायची. लॉकशील्ड म्हणजे ते दार. जवळच्या रेडिएटरचा लॉकशील्ड अनेकदा पाव-अर्धा फेराच उघडा ठेवावा लागतो, लांबचा बराच जास्त. या कामाला बॅलन्सिंग म्हणतात.

जुन्या बॉयलरच्या काळात बॅलन्सिंग नसलं तरी निभावून जायचं. इंग्लंडमध्ये २००५ पासून नवा गॅस बॉयलर कंडेन्सिंग प्रकारचाच बसवावा लागतो. धुरातल्या वाफेचं पाणी करून त्यातली उष्णता परत मिळवणं हे त्याचं वैशिष्ट्य. पण ते साधतं फक्त परतीचं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असेल तरच. जवळचा रेडिएटर पाणी उकळतं घेऊन तसंच गरम परत पाठवत असेल, तर महागडा कंडेन्सिंग बॉयलर कंडेन्स करतच नाही. २०२२ च्या ऊर्जासंकटात ब्रिटनमधल्या नेस्टा या संस्थेने लोकांना बॉयलरचं तापमान खाली आणायला सांगण्याची मोहीम काढली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात जर्मनीने गॅसवर चालणाऱ्या केंद्रीय हीटिंगच्या मोठ्या इमारतींना ‘हायड्रॉलिक समतोल’ सक्तीचा केला. दहा किंवा अधिक घरांच्या इमारतींसाठी मुदत होती ३० सप्टेंबर २०२३. म्हणजे ज्या व्हॉल्व्हला कुणी हात लावू नये अशी रचना होती, तो आता कायद्याच्या कक्षेत आला.

आता टोपीखाली. टोपी कधी नुसती ओढून निघते, कधी तिच्या माथ्यावर एक छोटा स्क्रू असतो. आत पितळेची दांडी. अडचण इथून सुरू होते, कारण त्या दांडीच्या टोकाला सर्वमान्य आकार नाही. कुठे ते चौकोनी, कुठे दोन बाजूंनी चपटं केलेलं, कुठे बारीक दातांचं. जर्मनीत परतीच्या बाजूचा व्हॉल्व्ह बहुधा निराळ्याच पद्धतीचा: वरची पितळी टोपी पान्याने काढायची आणि आतल्या षट्कोनी खाचेत ॲलन की घालून फिरवायचं. म्युनिकच्या घरात जे हत्यार चपखल बसेल ते इंग्लंडमधल्या स्लाउच्या घरात निरुपयोगी, आणि उलटही. हत्यार विकत घ्यायला निघण्यापूर्वी मोबाईल फटीत घालून टोकाचा फोटो काढणं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं पाऊल आहे. फोनही मावत नसेल तर दंतवैद्याकडे असतो तसा दांड्याचा आरसा आणि डोक्याला लावायची बॅटरी.

टोक कळलं की मग पाना. बहुतेकांचा हात आधी पक्कडीकडे जातो, आणि तिथेच नासाडी होते. पितळ मऊ. पक्कडीचे दात दांडीच्या कडा खाऊन टाकतात आणि चौकोनी टोक गोल होऊन बसतं. मग कुठलंच हत्यार लागू पडत नाही. पक्कडच वापरायची तर सपाट, समांतर जबड्यांची. वुपर्टालची क्निपेक्स कंपनी तशी ‘प्लायर्स रेंच’ बनवते. तिचे जबडे गुळगुळीत असतात आणि सरकताना एकमेकांना समांतरच राहतात. किंमत मात्र पितळी व्हॉल्व्हच्या कित्येक पट.

जबडे मागेपुढे होणारा स्क्रू पाना हा मधला मार्ग. तो आज ज्या रूपात हातात येतो, ते स्वीडनमधल्या एन्शॉपिंगच्या योहान पेत्तर योहान्सनने १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला पक्कं केलं. त्याच्याच कारखान्यातून पुढे बाहको हे नाव जगभर गेलं. घरोघरी असतो तो आठ-दहा इंची पाना. तो रेडिएटरच्या फटीत तिरका अडकतो आणि फिरायला जागाच उरत नाही. चार इंची, पातळ जबड्यांचा पाना या कामाला दहा इंचीपेक्षा सरस ठरतो. लांब दांड्याने जोर वाढतो हे खरं, पण इथे जोराची गरज मुळात कमी आहे. जिथे जास्त जोर लागतोय असं वाटतं, तिथे दांडी जाम झालेली असते, आणि जाम दांडीला जोर लावला की ती पिळवटते किंवा तिच्या गळ्याशी असलेल्या ग्लँड नटातून पाणी झिरपू लागतं. गालिच्यावर पडणारं ते पाणी स्वच्छ नसतं. रेडिएटरच्या आतल्या लोखंडाचा काळा गाळ त्यात असतो.

एक जुगाड ब्रिटिश मिस्त्री लोकांना चांगला ठाऊक आहे आणि ग्राहकांना क्वचितच. ज्या जोडीत एका बाजूला लॉकशील्ड आणि दुसऱ्या बाजूला हाताने फिरवायचं साधं चाक असतं, तिथे दोन्ही व्हॉल्व्हचं अंग बहुतेक वेळा एकच असतं. फरक फक्त टोपीत. चाकाच्या आत दांडीला पकडणारी खाच असते, लॉकशील्डच्या टोपीत ती नसते. मग चाकाचा स्क्रू काढायचा, चाक उचलायचं आणि पलीकडच्या दांडीवर बसवायचं. घरात एकही साधं चाक उरलं नसेल तर काही पौंडांत पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची लॉकशील्ड की मिळते. पोचायला जागा असेल तर याहून सोपं काही नाही.

जागा नसेल तेव्हा दिशा बघावी लागते. पाइप जमिनीतून वर येत असेल तर व्हॉल्व्ह काटकोनी असतो आणि त्याची दांडी सरळ छताकडे रोखलेली असते. म्हणजे बाजूने हात न गेला तरी वरून वाट मोकळी असते. तिथे पाना सोडून सॉकेट घ्यावा: पाव इंची ड्राइव्हचा छोटा सॉकेट, त्याला लांब एक्स्टेन्शन, वर टी-आकाराची मूठ. सोफा न हलवता उभ्याने काम होतं. एक बारकावा असा, की चौकोनी टोकावर नेहमीचा सहा कोनांचा सॉकेट बसत नाही; बारा कोनांचा बसतो, कारण बाराला चाराने भाग जातो. नेमक्या मापाचा मिळाला नाही तर मात्र तोही कडा खातो. वाट वाकडी असेल, म्हणजे वर खिडकीची फळी किंवा कपाटाची कड आडवी येत असेल, तर लवचीक एक्स्टेन्शन किंवा मध्ये सांधा असलेलं. लवचीक दांडी पीळ खाते, त्यामुळे वर अर्धा फेरा फिरवला तर खाली नेमकं किती फिरलं ते कळत नाही. बॅलन्सिंगमध्ये पाव फेऱ्याचा हिशेब असतो, म्हणून लवचीक दांडीवर फार विसंबू नये.

बेसिन रेंचची शिफारस या संदर्भात वारंवार केली जाते. वॉशबेसिनच्या मागे नळाचा नट आवळायला प्लंबर जे लांब दांड्याचं, टोकाला झुलत्या जबड्याचं हत्यार वापरतात ते हे. नट सोडवायचा असेल तर ते खरोखर कामाचं. दांडीसाठी नाही, कारण त्याचा जबडा दातेरी असतो आणि ताण आला की अधिकच रुततो. क्रोफूटचंही तसंच. हा म्हणजे दांडा नसलेला, नुसत्या जबड्याचा पाना, तो एक्स्टेन्शनच्या टोकाला लावतात. ग्लँड नट गळत असेल आणि तो पाव फेरा आवळायचा असेल तर याच्यासारखं हत्यार नाही. दांडी, ग्लँड नट, जोडाचा नट आणि रेडिएटरच्या पोटात गेलेला आट्यांचा तुकडा या चार वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चौघांची हत्यारं वेगळी. शेवटच्याला तर आतून घालायची, १२ मिलिमीटर किंवा अर्ध्या इंचाची जाड ॲलन की लागते. दुकानात ‘रेडिएटर की’ मागितली तर यांपैकी एकही हातात पडत नाही. मिळते ती हवा काढायची चावी. ती रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनी खिट्टीसाठी, बहुधा पाच मिलिमीटरची. खालच्या व्हॉल्व्हशी तिचा संबंध नाही. नवख्या माणसाचा पहिला खर्च हमखास या चावीवर होतो.

घरच्या घरी केलेली हत्यारंही कमी नाहीत. जाड प्लॅस्टिकच्या नळीच्या टोकाला खाच पाडून, तांब्याच्या पाइपचा तुकडा ठोकून चौकोनी करून, किंवा लाकडी दांड्याच्या टोकाला जुनं चाक स्क्रूने बसवून लोक काम भागवतात. ज्यांच्याकडे थ्रीडी प्रिंटर आहे ते हव्या त्या लांबीची चावी छापून घेतात. यांत एक गुण आहे जो बाजारातल्या पोलादी हत्यारांत नाही: प्लॅस्टिक पितळाआधी हार मानतं. जोर जास्त झाला तर चावी तुटते, व्हॉल्व्ह वाचतो.

फिरवण्याआधी एकच शिस्त पाळायची. घड्याळाच्या दिशेने पूर्ण बंद करत किती फेरे लागले ते मोजायचं आणि कागदावर लिहायचं. मूळ जागी परतायचा तो एकमेव रस्ता. मग घर तापल्यावर दोन्ही टोकांच्या पाइपांचं तापमान बघत पाव-पाव फेऱ्याने पुढे सरकायचं. यासाठी लोक इन्फ्रारेड तापमापी घेतात आणि चकचकीत तांब्यावर रोखतात. चकाकत्या धातूवर ती चुकीचा, बहुधा बराच कमी आकडा दाखवते. पाइपभोवती काळ्या इन्सुलेशन टेपचा वेढा दिला की आकडा भरवशाचा होतो.

दुसऱ्या टोकाच्या, आकडेवाल्या व्हॉल्व्हची कथा वेगळी. डॅनफॉस ही कंपनी १९३३ मध्ये डेन्मार्कच्या आल्स बेटावर सुरू करणाऱ्या मॅस क्लाउसेनने थर्मोस्टॅटिक रेडिएटर व्हॉल्व्हची कल्पना १९४३ मध्ये मांडली. १९५० च्या दशकात तो बाजारात आला. त्याच्या वरच्या, आकडे असलेल्या डोक्यात मेण किंवा द्रव भरलेली डबी असते. खोली तापली की डबी फुगते आणि खालची बारीक पिन दाबते, पाणी थांबतं. ‘३’ म्हणजे साधारण २० अंश. हा व्हॉल्व्ह सोफ्यामागे किंवा कपाटात कोंडला गेला की तो खोलीची हवा मोजतच नाही, आपल्याभोवती साचलेली गरम हवा मोजतो आणि खोली गार असतानाच बंद होतो. इथे लांब हाताचं हत्यार शोधणं व्यर्थ आहे. डोकं ‘५’ वर नेलं तरी मोजमाप खोटंच राहणार. यावर उतारा बाजारात आहे आणि तो पान्याच्या रांगेत ठेवलेला नसतो: केशनलिकेने जोडलेलं डोकं. व्हॉल्व्हवर छोटा भाग बसतो, दोन मीटर किंवा त्याहून लांब बारीक नळी भिंतीवरून नेतात आणि मापायचं व फिरवायचं चाक हाताशी येईल अशा ठिकाणी लावतात. ब्रिटनमध्ये रुग्णालयांत आणि वृद्धाश्रमांत रेडिएटरचा पृष्ठभाग ४३ अंशांवर जाऊ नये अशी मार्गदर्शक मर्यादा आहे, म्हणून तिथे रेडिएटर पेटीबंद असतात आणि व्हॉल्व्ह पेटीच्या पोटात. ही लांबची डोकी तिथे उपयोगी पडतात. घरगुती ग्राहकाला मात्र ती सहसा कुणी सुचवत नाही.

उन्हाळाभर बंद राहिलेल्या आकडेवाल्या व्हॉल्व्हची पिन अडकून बसते. ऑक्टोबरात इंग्लंडात किंवा जर्मनीत नव्याने उतरलेल्या मराठी कुटुंबांना पहिल्याच थंडीत ‘एकच खोली तापत नाही’ हा अनुभव येतो तो बऱ्याचदा यामुळे. डोकं ‘५’ वर नेऊन कडं हाताने सैल करायचं, डोकं उचलायचं, पिन एखाद्या सपाट वस्तूने हलकेच दाबून सोडायची. ती स्वतःहून वर आली पाहिजे. पक्कडीने उपटायची नाही. उपटली तर पाणी थेट अंगावर येऊ शकतं. घर भाड्याचं असेल तर तेवढंही करण्याआधी मालकाला कळवावं, कारण इंग्लंडमध्ये १९८५ च्या घरमालक-भाडेकरू कायद्याने हीटिंग चालू ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे. डोकं बदलायचं झालं तर पुन्हा आट्यांचा घोळ. हाइमायर, ओव्हेन्ट्रोप यांसारख्या बऱ्याच कंपन्यांचं डोकं ३० मिलिमीटरच्या आट्यांवर बसतं, हर्त्झचं २८ च्या, आणि डॅनफॉसची जोडणी अनेकदा स्वतःचीच, आट्यांशिवायची.

सगळ्याच देशांत फिरवण्यासारखं काही असतं असंही नाही. न्यूयॉर्कच्या जुन्या इमारतींतले बिडाचे रेडिएटर पाण्यावर नाही, वाफेवर चालतात, आणि त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी एकाच पाइपातून वाफ येते व थंड झालेलं पाणी परत जातं. तिथला व्हॉल्व्ह पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद, मधलं काही नाही. अर्धवट ठेवला की पाणी अडकतं आणि पाइप हातोड्यासारखे ठणठणतात. तिथे उष्णता कमी-जास्त करायची ती बाजूच्या हवेच्या झडपेतून. सोव्हिएत काळातल्या अनेक वसाहतींत तर रेडिएटरला नियंत्रक व्हॉल्व्हच नव्हता. उकडलं की खिडकी उघडायची. ऊर्जेच्या दृष्टीने भयंकर, पण पाना शोधायची वेळ कुणावर आली नाही.

उत्तरांच्या यादीत हल्ली सगळ्यात वर असतं ते ‘स्मार्ट’ डोकं. म्युनिकची टाडो ही २०११ मध्ये सुरू झालेली कंपनी आणि तिच्यासारख्या इतर अनेक कंपन्या मोटर बसवलेली डोकी विकतात. फोनवरून आकडा बदला, सोफा जागेवर राहू द्या. कल्पना छान आहे. पण बॅटऱ्या संपल्या की त्या बदलायला सोफा ओढावाच लागतो, आणि कोंडलेल्या हवेचं खोटं मोजमाप इथेही होतंच, जोवर भिंतीवरचा वेगळा सेन्सर सोबत घेतला जात नाही. शिवाय हे डोकं आकडेवाल्या टोकाचं. लॉकशील्डला कुणी मोटर लावून देत नाही.

कधी कधी हत्याराचा नाद सोडून व्हॉल्व्हच हलवणं शहाणपणाचं ठरतं. आजचे बहुतेक थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह पाणी कुठल्याही बाजूने आलं तरी चालतात, जुन्यांना दिशा बघावी लागायची. म्हणजे आकडेवाला मोकळ्या कोपऱ्यात आणि लॉकशील्ड सोफ्यामागे अशी अदलाबदल करता येते. यासाठी पाणी उतरवावं लागतं, आणि तो दिवस मिस्त्रीचा असतो, घरमालकाचा नाही. एमडीएफच्या आवरणाबाबत निर्णय त्याहून सोपा: बाजूची फळी बिजागरीवर बसवून घ्यावी. सुताराचा तासाभराचा खर्च कुठल्याही विशेष पान्यापेक्षा जास्त उपयोगाचा, आणि कोंडलेल्या हवेचा प्रश्नही थोडा हलका होतो.

या व्हॉल्व्हचं महत्त्व पुढे घटेल असं मानायला जागा नाही. इंग्लंडच्या बांधकाम नियमांनुसार जून २०२२ पासून नव्या रेडिएटर-यंत्रणा कमाल ५५ अंशांच्या पाण्यावर चालतील अशा आखाव्या लागतात, आणि ऑक्टोबर २०२३ पासून गॅस बॉयलरच्या जागी हीट पंप बसवणाऱ्याला साडेसात हजार पौंडांचं अनुदान मिळतं. हीट पंप कोमट पाणी सतत फिरवत ठेवतो. त्याला वाटा बंद होणं आवडत नाही, म्हणून अनेक ठिकाणी थर्मोस्टॅटिक डोकी पूर्ण उघडी ठेवायला किंवा काढूनच टाकायला सांगतात. मग कुठल्या खोलीत किती उष्णता जायची ते ठरवणारा घरात एकच व्हॉल्व्ह उरतो, तो लॉकशील्ड. आणि खोल्यांचा वापर बदलला, एखादी भिंत पाडली, खिडक्यांना दुहेरी काच बसवली की तो पुन्हा पाव फेरा इकडे-तिकडे करावा लागतो.